लडलोच्या पायवाटा आणि वहिवाटीचा हक्क

इंग्लंड देशाची माहिती देताना आमची पाठ्यपुस्तके बहुधा लंडनचा पूल, मँचेस्टरच्या गिरण्या आणि लिव्हरपूलची गोदी यांपाशीच थांबतात. त्या देशाचे एक मोठे धन मात्र असे आहे की जे पाहण्यास तिकीट पडत नाही, ज्यास दरवाजा नाही आणि जे कोणत्याही एका धन्याच्या नावावर चढलेले नाही. शेतांमधून, कुरणांमधून व रानांमधून जाणारे सार्वजनिक मार्ग हे ते धन होय. एकट्या इंग्लंडात पायी चालणारास मोकळे असलेले असे मार्ग सुमारे १,१८,००० मैल भरतात. म्हणजे विषुववृत्तावरून पृथ्वीस पावणेपाच प्रदक्षिणा घालाव्या एवढी ही लांबी झाली. यांपैकी बहुतेक वाटा खाजगी मालकीच्या जमिनीवरून जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे खरे नवल वाटू लागते.

या वाटांचे वर्णन करणारे लेख पुष्कळ निघतात व त्यांत बहुधा फुले, पाखरे आणि संध्याकाळचे रंग यांचीच रेलचेल असते. फुलापाखरांशी आमचे वैर नाही. परंतु प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, या वाटांस निव्वळ निसर्गशोभा समजणे म्हणजे एखाद्या जुन्या दस्तऐवजाकडे त्याचे अक्षर वळणदार आहे एवढ्याचसाठी पाहणे होय. पायवाट हा हक्काचा दस्तऐवज आहे. तो पिढ्यान् पिढ्यांच्या पायांनी लिहिला आहे. आणि सरकारी नकाशावर त्याची नोंद राहून गेली एवढ्या कारणाने तो रद्द समजणे हा अन्याय आहे. हे म्हणणे उघड करून दाखविण्यासाठी आपण एकच गाव घेऊ.

वेल्सच्या सीमेजवळ, श्रॉपशायर परगण्याच्या दक्षिण टोकास, हेरिफर्ड व श्रूजबरी या शहरांच्या दरम्यान लडलो नावाचे जुने बाजारगाव आहे. टीम नदी त्यास दोन बाजूंनी वळसा घालते आणि नदीवरच्या उंच खडकावर अकराव्या शतकाच्या अखेरीस बांधण्यास आरंभ झालेला किल्ला उभा आहे. याच किल्ल्यात सातव्या हेन्री राजाचा वडील पुत्र आर्थर १५०२ साली वारला. त्यामुळे गादी त्याच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे आठव्या हेन्रीकडे, गेली आणि इंग्लंडच्या इतिहासाने निराळेच वळण घेतले. मिल्टन कवीचे ‘कोमस’ हे नाट्य १६३४ साली प्रथम येथेच झाले. गावातील सेंट लॉरेन्सच्या मंदिराचा मनोरा आसमंतात दुरून दिसतो, व कवी हाउसमन याच्या अस्थी त्या मंदिराच्या भिंतीजवळ पुरलेल्या आहेत. आजही किल्ल्यासमोरच्या चौकात आठवड्यातून अनेक दिवस बाजार भरतो.

हा बाजार प्रथम ध्यानात घेतला पाहिजे, कारण वाटांची जननी तीच आहे. लडलोचा नकाशा उघडला म्हणजे चाकाच्या आऱ्या जशा तुंब्याकडे याव्या तशा आसपासच्या खेड्यांतील पायवाटा गावाकडे आलेल्या दिसतात. त्या कोणी शोभेसाठी आखल्या नाहीत. अंडी-लोणी घेऊन निघालेल्या बायका, मेंढरे हाकणारे धनगर, दळणासाठी गिरणीकडे जाणारे शेतकरी आणि रविवारी मंदिरात येणारी माणसे यांनी त्या जवळच्या मार्गाच्या सोयीने पाडल्या. लडलोचे वैभव पुष्कळ अंशी लोकरीवर उभारले. लॉरेन्स नावाचा येथील लोकरीचा व्यापारी तेराव्या शतकात एवढा सधन झाला की, त्याने सुमारे सात मैलांवर स्टोकसे येथे स्वतःसाठी तटबंदीचा वाडा बांधला आणि त्यास बुरुज चढविण्याची परवानगी राजाकडून १२९१ साली मिळविली. तो वाडा आजही उभा आहे. मेंढी लोकर देते हे आपण शिकवितो. परंतु डोंगरावरील मेंढीपासून व्यापाऱ्याच्या वखारीपर्यंत लोकर येते ती वाटेने, हे सांगावयाचे राहून जाते.

गावातून बाहेर पडण्याच्या वाटांपैकी पहिली किल्ल्याच्या पायथ्याशीच आहे. किल्ल्याभोवती १७७२ साली झाडे लावून लोकांस फिरण्यासाठी रस्ते केले, ते अद्याप चालू आहेत. तेथून उतरून १८२३ साली बांधलेल्या डिनम पुलावरून नदी ओलांडली की समोर व्हिटक्लिफचे गायरान लागते. येथे गुरे चारण्याचा, सरपण गोळा करण्याचा व दगड काढण्याचा हक्क मध्ययुगात लडलोच्या नागरिकांस होता. गायरान त्या काळी आजच्यापेक्षा पुष्कळच मोठे होते. आता उरला आहे तो तुकडा. पण त्या तुकड्यावर उभे राहिले असता नदी, किल्ला, मनोरा आणि लाल कौलांची सगळी वस्ती एका दृष्टिक्षेपात येते, आणि ती पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही. गायरानाच्या खालून नदीकाठाने लडफर्डच्या जुन्या पुलाकडे जी वाट जाते तिला ‘भाकरीची वाट’ असे नाव आहे. ती तयार करणाऱ्या मजुरांनी मजुरीचा पैसा दारूत घालवू नये म्हणून त्यांस पैशाऐवजी पाव देत असत, असे तेथे सांगतात. ही युक्ती मजुरांस कितपत रुचली असेल याची शंका येते. घरी बायकामुलांस मात्र ती रुचली असावी.

लडफर्डच्या पुलापलीकडे रस्त्याच्या कोपऱ्यावर एक साधा दगडी कडा आहे. त्याच्यापाशी जगातील भूगर्भशास्त्रज्ञ येऊन उभे राहतात. मर्चिसन या शास्त्रज्ञाने या भागातील खडकांचा अभ्यास करून १८३९ साली ‘सिल्युरियन’ युगावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या युगाच्या एका भागास शास्त्रात आज ‘लडलो’ हेच नाव आहे, मग ते खडक जगाच्या कोणत्याही खंडात सापडोत. लडफर्डच्या कड्यात माशांच्या हाडांचा व खवल्यांचा एक पातळ थर आहे. तो सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा; त्या काळी हा सारा प्रदेश उथळ समुद्राखाली व विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. एका लहानशा बाजारगावाचे नाव पृथ्वीच्या वयाच्या मोजमापात जाऊन बसले, त्याचे एक कारण असे की, ते खडक लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उघडे होते.

व्हिटक्लिफच्या वर मॉर्टिमरचे अरण्य सुरू होते. लडलोहून निघून पश्चिमेकडे हेरिफर्डशायरमधील किंग्टन गावापर्यंत जाणारी ३० मैलांची मॉर्टिमर वाट याच अरण्यातून चढते, आणि हाय व्हिनल्स या १,२३० फूट उंचीच्या माथ्यावरून वेल्सचे डोंगर दाखविते. चांगले चालणारे लोक ती दोनतीन दिवसांत पुरी करतात. ज्यांच्या पायांत तेवढे बळ नाही त्यांस वायव्येकडील ब्रॉमफील्ड हे खेडे पुरे आहे. ते सुमारे तीन मैलांवर, सपाट कुरणांतून जावयाचे. तेथे जुन्या मठाची देवडी शिल्लक आहे, आणि मंदिराच्या वेदीवरील छत १६७२ साली देवदूतांच्या चित्रांनी असे भरून काढले आहे की, पाहणाराची मान अवघडावी.

ब्रॉमफील्डच्या वाटेवर ओकली पार्क नावाचे मोठे आवार लागते, आणि येथे मराठी वाचकास थांबावे लागते. हे आवार रॉबर्ट क्लाइव्ह याने विकत घेतले होते. हा क्लाइव्ह श्रॉपशायरचाच. प्लासीच्या लढाईच्या आदल्या वर्षी, म्हणजे १७५६ च्या फेब्रुवारीत, अॅडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर आमच्या कोकणातील विजयदुर्गावर चालून जाणारा व तुळाजी आंग्र्याचे आरमार जळत असता तेथे हजर असणारा क्लाइव्ह तो हाच. पुढे बंगाल्यात त्याने अपार धन मिळविले. त्याचा पुत्र एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता, व तोच पुढे पॉविसचा अर्ल झाला. त्याने १८११ साली लडलोचा किल्ला राजाकडून खरेदी केला. तो किल्ला आजही पॉविस संस्थानाकडेच आहे. हिंदुस्थानच्या पैशाने इंग्लंडात किती कुरणे व किती वाडे विकत घेतले गेले याचा हिशेब इतिहासाच्या अभ्यासकांनी मांडावा. येथे सांगावयाचे ते निराळेच आहे. एवढा बलाढ्य धनी झाला, तरी त्याच्या जमिनीवरून जाणारी लोकांची वाट त्याच्या खरेदीखताने त्याच्या मालकीची होत नव्हती. जमीन विकली जाते, वाट विकली जात नाही.

वर्गात हा नकाशा टेबलावर पसरून बसलो असता इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पण शेतकरी हाकलून देत नाही काय?” हा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता, म्हणून त्याचे उत्तर येथे जरा विस्ताराने देतो. इंग्लंडच्या कायद्यात पायवाट हाही एक राजमार्गच आहे. मोठा रस्ता आणि गव्हातून जाणारी दोन हात रुंदीची वाट यांत त्या दृष्टीने भेद नाही. माती शेतकऱ्याची, तिच्यावरून जाण्याचा हक्क लोकांचा. शेताच्या मधून वाट जात असेल तर शेतकरी ती नांगरू शकतो, परंतु पेरणीसाठी प्रथम नांगरल्यावर चौदा दिवसांत व त्यानंतर पुन्हा माती हलविल्यास चोवीस तासांत त्याने ती चालण्याजोगी करून दिली पाहिजे, आणि पिकाच्या दिवसांतही निदान एक मीटर रुंदीची वाट मोकळी ठेवली पाहिजे. कुंपण ओलांडण्यासाठी ज्या लाकडी पायऱ्या असतात त्यांची दुरुस्ती जमीनवाल्याने करावयाची, व तिच्या खर्चाचा निदान चौथा हिस्सा सरकारी मंडळाने द्यावयाचा. केवळ पायी चालणारांच्या वाटेवर पिवळा बाण, घोडेस्वारांसही मोकळ्या असलेल्या वाटेवर निळा. कायदा तर इतका बारकाईने लिहिला आहे की, दहा महिन्यांवरील दुभत्या जातीचा वळू अशा शेतात मोकळा सोडण्यासही त्यात मनाई आहे. हे ऐकून वर्गात हशा पिकला. पण ज्याने भर शेतात वळूची गाठ घेतली आहे तो हसणार नाही.

हा हक्क कोणी उदार होऊन दिला असे मात्र नव्हे. मध्ययुगापासून चालत आलेल्या सामाईक जमिनींस अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत कुंपणे पडली, तेव्हा पुष्कळ वाटा बुजल्या. १८१५ साली तर असा कायदा झाला की, दोन मॅजिस्ट्रेटांनी ‘अनावश्यक’ म्हटले की पायवाट बंद! मॅजिस्ट्रेट बहुधा स्वतःच जमीनदार किंवा जमीनदारांच्या पंक्तीत बसणारे. तेव्हा कोणती वाट अनावश्यक ठरत असेल हे सांगण्याची गरज नाही. या जुलमातूनच यॉर्क येथे १८२४ साली व मँचेस्टर येथे १८२६ साली पायवाटांच्या रक्षणासाठी मंडळ्या निघाल्या. पुढे २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगार डर्बीशायरमधील किंडर स्काउट या बंदी असलेल्या डोंगरावर जाणूनबुजून चढले व त्यांपैकी पाचांस कारावास भोगावा लागला. त्यांचा झगडा मोकळ्या माळरानासाठी होता, वाटेच्या हक्काहून तो कायद्याच्या दृष्टीने निराळा; तरी लोकमत हलले. लोकांनी वीस वर्षे उघडपणे, कोणाची परवानगी न घेता व अडथळ्याविना एखादी वाट वापरली तर ती सार्वजनिक मानावी, हा नियम १९३२ च्या कायद्याने स्पष्ट केला. शेवटी १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याने आपल्या सर्व वाटांचा अधिकृत नकाशा करावा असे ठरले.

येथेच गोम आहे. हा नकाशा करण्याचे प्राथमिक काम खेड्याखेड्यांच्या पॅरिश मंडळांकडे गेले. कोठे ते कसून झाले, कोठे उरकले गेले. एका पॅरिशची वाट हद्दीपर्यंत येते आणि हद्दीवर एकाएकी नाहीशी होते, जणू काय चालणारा तेथून उडून जात असावा, असे चमत्कार त्यातून निघाले. पुढे २००० साली झालेल्या कायद्याने सांगितले की, १९४९ पूर्वीच्या ज्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नकाशावर येणार नाहीत त्यांवरील हक्क संपेल. तेव्हा चालणारांच्या मंडळाने हजारो स्वयंसेवकांकरवी जुने व नवे नकाशे ताडून पाहिले व इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे ४९,००० मैल वाटा नोंदीतून निसटल्या असाव्यात असा अंदाज २०२० साली काढला. वेल्सने ही मुदतच सोडून दिली. इंग्लंडात ती प्रथम २०३१ पर्यंत पुढे ढकलली गेली, आणि २०२४ च्या डिसेंबरात सरकारने ती समूळ काढून टाकण्याचा मनोदय जाहीर केला.

मुदत घालण्याच्या बाजूने जे म्हणतात त्यांचे म्हणणे पोकळ नाही. शेत विकत घेणारास त्यावर कोणता बोजा आहे हे निश्चित कळले पाहिजे. दोनशे वर्षांपूर्वीच्या नकाशातील तुटक रेघ दाखवून उद्या कोणी त्याच्या गोठ्यातून वाट मागितली तर त्याने काय करावे? शिवाय फाटक उघडे टाकणारे, गाभण मेंढ्यांमागे कुत्रे सोडणारे व पिकात पसरून भाकरी खाणारे शहरी लोक त्याने पाहिलेले असतात. त्याचा राग समजण्यासारखा आहे. गोठ्यातून जाणारी वाट बाजूने वळवून देण्याची सोय कायद्याने करावी, आणि ती तशी आहेही. परंतु बोजा किती आहे हे कळणे निराळे आणि बोजा बुडविणे निराळे. नोंद करण्याचे काम सार्वजनिक मंडळांचे होते. ते त्यांनी अपुरे केले. त्याचा दंड मात्र चालणारांच्या माथी बसावा, ही रीत कोणत्या न्यायाची? कारकुनाने खातेवहीत नाव लिहिण्याचे विसरले म्हणून ठेवीदाराची ठेव बुडाली असे कोणतीही पेढी म्हणत नाही.

पायवाटांमुळे गावाचे नुकसान होते हा दुसरा आक्षेप अनुभवाने खोटा ठरला आहे. २००१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडात गुरांच्या लाळखुरकुताची साथ आली. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, आणि रोग पसरू नये म्हणून देशभर पायवाटा बंद झाल्या. तेव्हा हिशेब मांडून पाहता असे आढळले की, शेतीहूनही अधिक नुकसान प्रवासी लोकांवर चालणाऱ्या धंद्यांचे झाले होते. बाजारगावांतील खाणावळी, पावभट्ट्या व लहान दुकाने चालणारांवर किती अवलंबून आहेत हे वाटा बंद झाल्या तेव्हा कळले.

आमच्या पालकवर्गापैकी शेती करणारास ही सारी चर्चा फारशी परकी वाटणार नाही. ‘वहिवाट’ हा शब्दच आपल्या भाषेत वाट आणि हक्क यांस एकत्र बांधतो. १८८२ च्या सुखाधिकाराच्या कायद्यातही वीसच वर्षांची उघड व निर्वेध वहिवाट सांगितली आहे, आणि शेताकडे जाणारी वाट अडविल्यास १९०६ च्या कायद्याने मामलेदाराकडे दाद मागता येते. एक भेद मात्र मोठा आहे. आपल्याकडील असा हक्क बहुधा अमुक शेताच्या धन्यास तमुक शेतातून जाण्याचा असतो, व त्याचा तंटाही दोन बांधांमधला असतो. लडलोच्या वाटेवरील हक्क कोणाच्याही शेताला चिकटलेला नाही. तो साताऱ्याहून काल उतरलेल्या परक्या माणसासही तेथे जन्मलेल्या माणसाइतकाच आहे.

आमच्या शाळेतून बाहेर पडलेले काही विद्यार्थी हल्ली बर्मिंगहॅम वगैरे शहरांत शिक्षणास असतात. त्यांची पत्रे येतात त्यांत दुकाने व आगगाड्या पुष्कळ, वाटा थोड्या. त्यांनी एखाद्या शनिवारी आगगाडीने लडलोस जावे. हिवाळ्यात व पावसानंतर टीमकाठची माती घोट्यापर्यंत चिकटते, तेव्हा जाड तळव्याचे बूट हवेत. ज्या नकाशात एक मैल सुमारे अडीच इंचांत दाखविलेला असतो तो बरोबर घ्यावा. त्यात सार्वजनिक वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखविल्या आहेत. फाटक जसे सापडले तसेच सोडावे. उघडे असल्यास उघडे, मिटलेले असल्यास मिटलेले. वाटेवर पीक उभे असेल तर भिऊन कडेने वळसा घालू नये, नकाशातील रेषेवरूनच एकामागून एक जावे. तो तुमचा हक्क आहे, आणि उलट कडेने जाण्याचा हक्क तुम्हांस नाही. एखादी वाट तारेने किंवा कुलपाने अडविलेली आढळली तर शेतकऱ्याशी हुज्जत न घालता ठिकाण टिपून घ्यावे व श्रॉपशायरच्या मंडळास दोन ओळी लिहून पाठवाव्या. वाट मोकळी करविणे हे त्यांचे काम आहे. आणि शेतात वळू दिसलाच, तर तो दुभत्या जातीचा आहे की नाही याची चौकशी कुंपणाच्या अलीकडून करावी.